कॉइल बदलली, कोड सरकला!

आज आयटीआयच्या मोटार मेकॅनिक पोरांची कौशल्य स्पर्धा पाहिली. जाम भारी वाटलं! गाडीत मुद्दाम बिघाड करून ठेवलेला, वेळ मोजका. गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर बिघाडाचा कोड आला पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट पेटत नाही). बरेच जण थेट प्लग खोलायला धावले. एका मुलीने मात्र पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलची (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट) अदलाबदल केली, कोड पुसला, इंजिन पुन्हा चालू केलं. आता कोड पी०३०२! दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेलेली. एकही पार्ट उगाच बदलला नाही. (अशा मेकॅनिकला गिऱ्हाईक जन्मात सोडणार नाही.)

दहावीला कमी मार्क पडले की 'मग आयटीआय' म्हणणाऱ्यांनी हे बघायलाच हवं होतं. वर्ल्डस्किल्स या कौशल्यांच्या जागतिक स्पर्धेतही ऑटोमोबाईल टेक्नॉलॉजी असते. २०२४ ला ती फ्रान्समध्ये ल्यों शहरात झाली. आपल्या या पोरीला तिथवर जाताना बघायचंय मला.