वस्तू खराब निघाली, तर परतीच्या कुरिअरचे पैसे कुणी भरायचे?

ऑनलाइन मागवलेला मिक्सर सुरूच होत नाही आणि विक्रेता म्हणतो, "आमच्या पत्त्यावर कुरिअर करा, मग बघू." बरेच ग्राहक इथेच पदरचे पैसे घालून पार्सल पाठवून देतात. खर्च कुणाचा हे लेखी ठरल्याशिवाय खोकं घराबाहेर काढू नका. एकदा माल हातचा गेला की दोष दाखवायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

"परतीचा खर्च विक्रेत्याचाच" असं सरळ वाक्य ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मध्ये नाही. मात्र सदोष, बनावट किंवा जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळी निघालेली वस्तू परत घ्यायला आणि तिचे पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. परत पाठवण्याचा खर्च किती आणि कसा, ही माहितीही त्याने ग्राहकाला स्पष्ट दिसेल अशी द्यायची असते. ती कुठेच दिली नसेल आणि दोष मालात असेल, तर खर्च तुमच्या माथी मारायला त्याला आधार उरत नाही. खराब मालाचे पैसे देताना त्यातून कुरिअरचे कापून घेणं म्हणजे अर्धेच पैसे परत करणं, असं माझं ठाम मत आहे. कुणी आपला वापरलेला फोन एखाद्या वेळी हौसेने विकला, तर अशा खाजगी व्यवहाराला हे नियम लागू नाहीत.

खरी गडबड होते ती परतीचं कारण निवडताना. यादीत "आता नको", "मन बदललं" असे पर्याय आधी दिसतात आणि लोक सहज त्यावर बोट ठेवतात. तसं केलं की परत पाठवणं तुमच्या मर्जीचं ठरतं आणि खर्चही तुमच्याकडे येऊ शकतो. "सदोष", "तुटलेली" किंवा "चुकीची वस्तू" हाच पर्याय निवडा आणि खाली एका ओळीत नेमका दोष लिहा: "बटण दाबल्यावर मोटर फिरत नाही." सोबत खोक्यावरचं लेबल, वस्तूचा अनुक्रमांक आणि दोष, तिन्ही एकाच सलग व्हिडिओत घ्या. तुकड्या-तुकड्यांच्या व्हिडिओवर "ही आमची वस्तूच नाही" असं म्हणायला जागा राहते.

तुमच्या पिनकोडवर माल न्यायला माणूस येत नसेल, तर स्वतः पाठवावं लागतं. तेव्हा आधी ईमेलवर विचारा: खर्च किती मर्यादेपर्यंत परत कराल, किती दिवसांत, कोणती पावती लागेल? बरीच कुरिअर वजनापेक्षा आकारावर पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागायचं. 40 × 30 × 20 चं खोकं आत दोनच किलोचं असलं, तरी बिल 4.8 किलोचं होतं. म्हणून मोठं रिकामं खोकं वापरू नका. वस्तूभोवती चारही बाजूंनी पाचेक सेंटिमीटर भरण पुरे. जुनं लेबल आणि बारकोड खरवडून काढा, नाहीतर छाननीत जुनाच बारकोड वाचला जाऊन पार्सल भरकटतं. पॉवर बँकसारखी लिथियम बॅटरीची वस्तू असेल, तर काउंटरवर आधीच सांगा. विमानाने नेण्यावर निर्बंध आहेत. पावती, ट्रॅकिंग क्रमांक आणि वजनाचा आकडा दिसेल असा फोटो जपून ठेवा.

विक्रेता दाद देत नसेल तर संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. त्यानेही भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीत असला तरी. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

तक्रारीत रकमा सुट्या मांडा: वस्तूची किंमत, येताना घेतलेलं डिलिव्हरी शुल्क, परतीचं कुरिअर, आणि मनस्तापाची भरपाई. बरेच जण फक्त किंमत मागतात आणि परतीचे पैसे मागायचेच राहून जातात.