बाईंनी तो धडा गाळला नाही

स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं तेव्हा कशावर लिहायचं हा प्रश्नच पडला नाही. स्नेहसंमेलनं, सहली, कबड्डीची ढाल यांवर बाकीचे लिहितीलच. मी लिहिणार शास्त्राच्या बाईंवर.

दहावीत पुनरुत्पादनाचा धडा आला की "हा घरी वाचून घ्या" म्हणायची पद्धत होती. बाईंनी तो मुलामुलींना एकत्र बसवून ओळ न ओळ शिकवला. अवयवांची नावं खणखणीत आवाजात घेतली. गावभर बोभाटा झाला. पालकसभेत एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "पोरी बिघडवायला पाठवतो काय आम्ही?" बाई उत्तरल्या, "परीक्षेला आहे, आणि आयुष्यालाही आहे. मी शिकवणार." दुसऱ्या दिवशी फळ्यावर कुणीतरी बाईंबद्दल नको ते लिहून ठेवलेलं. बाईंनी डस्टर घेतलं, फळा पुसला, आदल्या दिवशीची अर्धी आकृती पुन्हा पहिल्यापासून काढली आणि म्हणाल्या, "चला, भागांना नावं द्या."

त्याच तासाला त्यांनी र. धों. कर्व्यांची गोष्ट सांगितली. विल्सन कॉलेजात गणित शिकवणारा हा माणूस. 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी नोकरी गेली. 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. कर्व्यांनी तो भरला आणि मासिक 1953 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चालवलं. हे सांगताना बाईंचा आवाज जरा कापला, एवढंच. स्वतःच्या त्रासाबद्दल त्या आमच्यापाशी कधी अवाक्षर बोलल्या नाहीत.

आज मी ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पोटात दुखतंय एवढंच सांगून गप्प बसणाऱ्या मुली रोज येतात. काय होतंय ते सांगायला त्यांच्याकडे शब्दच नसतात. माझ्याकडे होते, ते बाईंनी दिले. आश्रमशाळांत जाऊन मी हाच विषय बोलते. तिथेही कधी कुणी उठून जातं, कधी तक्रार होते. मी बोलणं पूर्ण करूनच खाली बसते.

शाळेत आता डिजिटल फळे आलेत, पण माझी भाची सांगते, तो धडा पुन्हा "घरी वाचून घ्या" झालाय. फार वाईट वाटलं. प्रयोगशाळेला बाईंचं नाव देण्याचं घाटतंय असं ऐकलं. जरूर द्यावं. पण त्याआधी, याच वर्षी, दहावीच्या वर्गात तो धडा पूर्ण शिकवावा. शिक्षकांना संकोच वाटत असेल तर मला बोलवा, मी रजा टाकून येईन.