पिवळे कार्ड आणि केनियाचा प्रवास

मुलीची नैरोबीला बदली झाली आणि वयाच्या 63व्या वर्षी मला केनियाला जाण्याचा योग आला. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घ्यायची आहे असे सांगताच शेजारच्या काकूंनी विचारले, "कावीळ झालेली नसताना लस कशाला?" त्यांचा गोंधळ अगदीच निराधार नव्हता, कारण या तापात डोळे पिवळे पडतात म्हणूनच त्याला हे नाव मिळाले. लसीचे प्रमाणपत्र केनियात उतरताना दाखवायचे असते, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मला त्याची गरज परतताना अधिक होती. भारतात हा रोग नाही, परंतु तो पसरवणारा एडिस डास भरपूर आहे, त्यामुळे केनियाहून येणाऱ्या प्रवाशाजवळ वैध प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते.

माझी खरी अडचण वयाची होती. ही लस जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची असते, आणि साठी उलटल्यावर ती प्रथमच घेणाऱ्यांना गंभीर त्रास होण्याची शक्यता, मुळात अत्यल्प असली तरी, तरुणांपेक्षा अधिक असते. आमच्या डॉक्टरांनी अंड्याची ॲलर्जी, स्टिरॉइड, थायमस ग्रंथीचे विकार यांविषयी बारकाईने विचारले, रक्तदाबाच्या गोळीची हरकत नसल्याचे सांगितले आणि मगच तंदुरुस्तीचा दाखला दिला. मसाई मारा अभयारण्यात जायचे नसते तर मी कदाचित हा बेतच सोडून दिला असता.

लस शासनमान्य केंद्रातच मिळते. मला प्रवासाच्या 14 दिवस आधीची तारीख मिळाली, ती नशिबाने पुरली, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. मात्र प्रमाणपत्राच्या पिवळ्या कार्डावर पासपोर्ट क्रमांकातला एक अंक चुकला होता. तिथेच चष्मा लावून वाचल्यामुळे तो लगेच दुरुस्त करून घेता आला. हे कार्ड आता आयुष्यभर चालेल.

मलेरियावर मात्र लस घेऊन सुटका नव्हती. निघण्याच्या आदल्या दिवसापासून मी डॉक्टरांनी दिलेली डॉक्सिसायक्लिनची गोळी रोज जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेत होते आणि संध्याकाळ झाली की पूर्ण बाह्यांचे कपडे घालत होते. परतताना मुंबई विमानतळावर आरोग्य अधिकाऱ्यांनी कार्डावरची तारीख पाहून मला सोडले. गोळ्या पुढे चार आठवडे चालूच होत्या.