उघड्यावरच्या १७२ची राखण : कुलपं, खुणा आणि लाल पट्ट्या

हँगरचा (विमान ठेवायच्या बंदिस्त शेडचा) नाद तूर्त सोडला आहे. यादीत आमचं नाव पार तळाशी, आणि ते वर सरकेपर्यंत आमची सेसना १७२, म्हणजे चार आसनी छोटं विमान, टाय-डाउनवर (जमिनीला दोराने बांधून), उघड्यावरच उभी राहणार. मग भागीदारांत ठरलं की कुरकुरत बसण्यापेक्षा आहे त्या जागेवर चोरीविरुद्धचा बंदोबस्त नीट करू. या हंगामात काय बसवलं, काय काढून टाकलं आणि कशावर अजून वाद चालू आहे, ते एकदाच लिहून ठेवतो.

हा विषय काढला की कुणीतरी कुंपणाची उंची विचारतोच, म्हणून आधी त्याचं उत्तर. कुंपण हवंच. फाटकाचा कोडही मधूनमधून बदलायला हवा. तो फाटकाशेजारच्या खांबावर पेनाने लिहिलेला तर मुळीच नको. पण विमानचोरीची गाजलेली प्रकरणं आठवून बघा. २००९ मध्ये कॅनडातल्या थंडर बेहून १७२ घेऊन पळालेला तरुण वैमानिकी शिकणारा विद्यार्थी होता. मागे एफ-१६ लढाऊ विमानं लागलेली असताना तो अमेरिकेत, मिझुरीत, एका रस्त्यावर उतरला. २०१८ मध्ये सिएटल-टाकोमाहून क्यू४०० हे प्रवासी विमान उडवून नेणारा विमान कंपनीच्याच ग्राउंड स्टाफमधला. २०२२ मध्ये अमेरिकेतल्याच टुपेलोत किंग एअर हे छोटं विमान उचलणारा तिथेच विमानांत इंधन भरायचा. या तिघांना कुंपण काय अडवणार? दुसरीकडे कोल्टन हॅरिस-मूर हा बाहेरचा चोर. परवाना नाही, रीतसर प्रशिक्षण नाही, तरी २०१० मध्ये अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनहून सेसना ४०० काढून गडी थेट बहामाला पोचला. म्हणजे खरा अडथळा विमानालाच लावलेला हवा, आणि तो बघताक्षणी कळणारा हवा.

अर्थात आपल्यासारख्यांचा रोजचा धोका इतका नाट्यमय नसतो. रेडिओ काढून नेणं, टाकीतलं इंधन ओढणं, कुणीतरी सहज म्हणून आत बसून स्विच फिरवून जाणं. तिसऱ्या प्रकाराची मला जास्त भीती वाटते, कारण त्याचा पत्ताच लागत नाही.

आता कामाचं. जुन्या १७२ची दाराची कुलपं म्हणजे निव्वळ उपचार. आतल्या पत्र्या झिजल्या की दुसऱ्याच विमानाची किल्ली थोडी हलवून फिरवली तरी दार उघडतं. रॅम्पवरच्या, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेतल्या, दोघातिघांच्या किल्ल्या मागून घेऊन स्वतःच्या दारावर चालवून बघा, म्हणजे पटेल. अमेरिकेच्या टीएसएने (वाहतूक सुरक्षा यंत्रणेने) २००४ मध्ये छोट्या विमानतळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात फ्लाइंग स्कूलना एक साधी शिफारस आहे: दाराची किल्ली आणि इग्निशनची किल्ली वेगळी ठेवा. आम्हीही तेच करतोय. दाराच्या कुलपाचा गाभा बदलून झाला, मेकॅनिकने लॉगबुकात नोंदही केली.

इग्निशनची किल्ली खिशात आहे म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोला बाहेरून वीज लागत नाही. प्रॉप (पुढचा पंखा) फिरला की मॅग्नेटो स्वतःच ठिणगी पाडतो. किल्ली ‘ऑफ’वर असताना तो पी-लीड नावाच्या तारेमार्फत ग्राउंड होतो, म्हणजे त्याची ठिणगी बंद राहते, एवढाच काय तो बंदोबस्त. ती तार तुटली की किल्ली कुठेही असो, मॅग्नेटो जिवंत. मग हाताने प्रॉप फिरवणारा चोर असो की कुतूहलाने पातं ओढणारं पोर, इंजिन पेटू शकतं. म्हणून इंजिन बंद करण्याआधी आयडलवर (सर्वांत कमी वेगावर) क्षणभर ‘ऑफ’ करून इंजिन मरायला लागतंय ना, हे बघण्याची सवय आम्ही सगळ्यांनी लावून घेतली. पूर्वी मी ती देखभालीची बाब समजायचो. आता राखणीचीही समजतो.

थ्रॉटल लॉक घेतलं. थ्रॉटल (इंजिनाचा जोर) आणि मिक्स्चर (हवेत मिसळणारं इंधन) या दोन्ही दांड्यांना मागे ओढलेल्या स्थितीत पकडणारं आहे. मिक्स्चर आयडल कट-ऑफला, म्हणजे इंधन तोडणाऱ्या स्थितीत, अडकून राहिलं की ठिणगी मिळूनही इंजिन चालत राहत नाही. वस्तू छोटी आणि हलकी, पण बाहेरून दिसत नाही, हा तिचा दोष. चोर आधी दार फोडणार आणि मग निराश होणार, म्हणजे दाराचं नुकसान झालंच.

त्यावर उतारा म्हणून प्रॉप लॉक. भडक पिवळ्या रंगाचं, रॅम्पच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं. घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: पात्याला लागणारा प्रत्येक भाग रबराने मढवलेला आहे ना. अॅल्युमिनियमच्या पात्याच्या पुढच्या कडेला बारीकसा खवका पडला तरी ताण तिथे एकवटतो आणि पुढे तडा तिथूनच सुरू होतो. आमच्या कुलपाच्या सांध्याजवळ रबर तोकडं होतं, नखाएवढी पोलादी कड उघडी. तिथे जाड नळी कापून चढवली आणि आता प्रीफ्लाइटला (उड्डाणापूर्वीच्या तपासणीत) त्या जागेवरून मुद्दाम अंगठा फिरवतो.

कंट्रोल लॉकला मात्र चोरीविरोधी साधनांत धरू नका. योकच्या (विमान वळवायच्या हँडलच्या) दांड्यातली ती पिन उभ्या विमानाचे हलते भाग वाऱ्यात आपटू नयेत यासाठी आहे. तिची पत्र्याची लाल पट्टी इग्निशनच्या स्विचवर येते, ती आपल्याला आठवण करून द्यायला. चोराला ती उपसायला दोन सेकंद पुरतात.

आणि इथेच या सगळ्या खटाटोपातली खरी अडचण आहे. प्रत्येक नवं कुलूप म्हणजे उड्डाणापूर्वी काढायची आणखी एक वस्तू. ३० ऑक्टोबर १९३५ ला राइट फील्डवर बोइंग मॉडेल २९९ हे विमान कोसळलं ते गस्ट लॉक (वाऱ्यासाठीचं कंट्रोल लॉकच) न काढता उड्डाण केल्यामुळे, आणि वैमानिकांची चेकलिस्ट रुजली ती त्या अपघातानंतर. तरीही ३१ मे २०१४ ला अमेरिकेतल्या बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम-४ जेट गस्ट लॉक लागलेलं असतानाच धावपट्टीवर धावलं आणि विमानातले सातही जण गेले. कसलेले व्यावसायिक वैमानिक होते ते. तेव्हा चोरापासून वाचवायला लावलेलं कुलूप आपल्याच गळ्यात येणार नाही, याची सोय कुलपासोबतच करायची, नंतर कधीतरी नाही.

आमची सोय लाल पट्ट्यांची. पिटो कव्हर (वेग मोजणाऱ्या नळीचं झाकण), कंट्रोल लॉक, थ्रॉटल लॉक, प्रॉप लॉक, कावलिंगचे (इंजिनाच्या आवरणाचे) प्लग, सगळ्यांना सारख्याच रुंदीची लांब लाल पट्टी शिवली. दाराच्या आतल्या बाजूला, बसताना नजरेसमोर येईल असा आकडा चिकटवला: ५. इंजिन सुरू करण्याआधी पट्ट्या हातात धरून मोजायच्या, पाच भरल्या तरच किल्ली लावायची. कावलिंगचे दोन प्लग एका दोरीने जोडून ती दोरी प्रॉपच्या पुढून घेतली आहे, म्हणून दोघांची मिळून पट्टी एकच. शिवाय ‘प्रॉप लॉक काढलं’ ही ओळ चेकलिस्टमध्ये बाहेरच्या फेरीत एकदा आणि स्टार्टरच्या आधी पुन्हा एकदा आहे. एका भागीदाराला ही पुनरुक्ती वाटते. असू दे.

काढलेली कुलपं ठेवायची कुठे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नाही. प्रॉप लॉक पोलादाचं आहे. ते पॅनेलजवळ नेलं की मॅग्नेटिक कंपास सरळ तिकडे मान वळवतो; इंजिन बंद ठेवून, जमिनीवर उभं राहून आम्ही हा प्रयोग करून पाहिला. म्हणून ते मागच्या बॅगेज कप्प्यात, जाळीखाली बांधून. वजन करून त्याचा आकडा वेट अँड बॅलन्सच्या (वजन-समतोलाच्या) कागदावरही चढवला.

अॅव्हिऑनिक्सबद्दल, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांबद्दल, थोडंसं. गार्मिन जीएनएस ४३० हे जीपीएस-रेडिओ यंत्र पॅनेलमधून काढायला पुढच्या छिद्रातून ३/३२ इंची हेक्स किल्ली लागते, बस्स. मेकॅनिकची सोय तीच चोराची सोय. सगळ्या युनिटचे सीरियल नंबर फोटो काढून विमानाबाहेर ठेवले. कॅनपी कव्हर (काचांवरचं आच्छादन) लावल्याने पॅनेल नजरेआड होतं, हा मोठा फायदा, पण कव्हरच्या आत धूळ अडकली की काच खरवडते. आधी झटका, मग लावा. या हंगामातला माझा सर्वांत आवडता उपाय टॉर्क सील. मेकॅनिक घट्ट केलेल्या नटवर रंगाची रेघ ओढतात, तीच रेघ कावलिंगच्या आणि पॅनेलच्या ठरावीक स्क्रूंवर अर्धी डोक्यावर, अर्धी पत्र्यावर ओढून घेतली. कुणी स्क्रू फिरवला की वाळलेला रंग तडकतो आणि रेघेचे दोन तुकडे एका ओळीत राहत नाहीत. बॅटरी नाही, आवाज नाही, आणि टॉर्च तिरपा धरला की लगेच दिसतं.

मोशन अलार्म मात्र काढून टाकला. टाय-डाउनवरचं हाय-विंग (पंख वर असलेलं) विमान वाऱ्यात डुलतंच; अलार्म इतक्यांदा बोंबलला की शेजारच्या विमानवाल्यांनी त्याच्याकडे बघणंच सोडलं. ट्रॅकर ठेवला आहे, पण स्वतःच्या बॅटरीवरचा. विमानाच्या वायरिंगला हात लावायचा तर मेकॅनिक, मंजुरी, नोंद हे सगळं आलं. चोरून बसवलेला कट-ऑफ स्विच हा तर उद्याच्या बिघाडाला आजच दिलेलं आमंत्रण. ट्रॅकर अॅल्युमिनियमच्या पत्र्याआड ठेवला तर सिग्नल मरतो, म्हणून जागा खिडकीजवळची, पण उन्हात तापणार नाही अशी. लिथियम बॅटरी आहे, हे विसरून चालणार नाही.

इंधनासाठी टाकीच्या झाकणावर सील-पट्टी लावावी, अशी सूचना आली होती. ती फेटाळली. आमच्या झाकणांना व्हेंट (हवा आत घेणारी छिद्रं) आहेत. व्हेंट बुजला तर टाकीत हवा शिरायला अडचण आणि इंजिनापर्यंत इंधन पोचायला अडचण. त्याऐवजी उतरल्यावर दोन्ही टाक्यांत डिपस्टिक घालून आकडा वहीत लिहायचा आणि पुढच्या खेपेला ताडून बघायचा. फरक दिसला तर गळती की चोरी हे शोधणं आलं, दोन्हींत उड्डाण थांबलंच. टाकीच्या तळातून ड्रेनचा नमुना तर घेतोच: १००एलएल (विमानाचं पेट्रोल) निळसर दिसायला हवं, तळाशी पाण्याचा थेंब नको, वास ओळखीचा हवा.

आणि शेवटी माणसं. अमेरिकेत एओपीए या विमानमालक-वैमानिकांच्या संघटनेने टीएसएच्या साथीने ‘एअरपोर्ट वॉच’ सुरू केलं, त्यामागचा विचार असा की रॅम्पवर रोज वावरणाऱ्यालाच विसंगत गोष्ट आधी खटकते. आम्ही शेजारच्या विमानवाल्यांशी फोन नंबरांची अदलाबदल केली आणि आमच्या विमानाला हात लावायची मुभा कुणाकुणाला आहे, हे त्यांना सांगून ठेवलं. अनोळखी माणूस दिसला तर हटकायचं नाही, “काही मदत हवीय का?” एवढंच विचारायचं. ज्याचं खरंच काम असतं तो आनंदाने दहा मिनिटं बोलतो.

पुढच्या वार्षिक तपासणीत इग्निशन स्विच उघडून पी-लीडची दोन्ही टोकं बघून घ्यायची आहेत. कॅमेऱ्याचा वाद चालूच आहे: दोघांना हवाय, मला नकोय, कारण रात्रीचं धूसर चित्र बघून कोण उठून जाणार? त्याच पैशांत रॅम्पच्या आमच्या कोपऱ्यातला बंद दिवा सुरू करून मिळतो का, ते आधी विमानतळाच्या व्यवस्थापकाला विचारतोय.