कार्तिकीची वारी आणि सीनेचा गाळ

२०२५ ची कार्तिकी मी कधीच विसरणार नाही. एकादशी २ नोव्हेंबरला होती आणि आमची सोलापूरची छोटी दिंडी, जेमतेम चाळीस माणसं, तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा करत चालत निघाली. तिऱ्ह्याजवळ सीना ओलांडताना टाळ आपोआप थांबले. सप्टेंबरच्या महापुराला महिना उलटून गेला होता तरी काठचा ऊस आडवाच पडलेला, कुठं माती खरवडून गेलेली तर कुठं गाळाचा थर, आणि बाभळींच्या शेंड्याला प्लॅस्टिक लटकलेलं. त्यात जेवणाच्या थर्माकोलच्या पत्रावळ्या पण होत्या, महाराष्ट्रात बंदी येऊन २०१८ पासून इतकी वर्षं झाली तरी. मला तर धस्सच झालं, कारण मागच्या वारीत अशाच पत्रावळ्यात आम्ही जेवून उठलो होतो.

आणि आदल्या वर्षी, २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्याकडची माणसं उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून तळातलं पाणी उरलं, म्हणून रडत होती, आमच्या गल्लीत पाच-सहा दिवसाआड पाणी यायचं. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस ताण देतो तेव्हा लई देतो आणि पडतो तेव्हा सगळं धुऊन नेतो.

मंगळवेढ्याच्या अलीकडं एका काकांनी बांधावर चहा दिला. काळं रान, शाळूचं म्हणजे रब्बी ज्वारीचं, पण पेरणी नाही. म्हटलं काका, अजून पेरा नाही? तर म्हणाले, "वापसाच येईना माऊली, कुरी घालायची कुठं?" म्हणजे रान पेरणीजोगं सुकतच नव्हतं, पेरायची कुरी चालवणार कुठं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी म्हणजे काय चीज आहे ते आम्हा सोलापूरकरांना सांगायला नको, त्या रानात असा चिखल बघून जीव तुटला.

रात्री मुक्कामाला मी विषय काढला, की २०१५ ला पॅरिस कराराच्या आधी पोप फ्रान्सिस यांनी हवामानावर मोठं पत्र लिहिलं, इस्तंबूलला मुस्लिम विद्वानांनी जाहीरनामा काढला. आमचे विणेकरी बाबा शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "मग आपण का मागं राहायचं? माळ घातली की मांस सुटतं, तसं हे पण नेमात घ्या." सरकारी जाहिरातीनं जे होत नाही ते नेमानं होतं हे मला मनापासून पटतं, वारकरी नेम मोडत नाही. सकाळी आमच्या दिंडीत ठरलं, प्रत्येकाचं स्वतःचं ताट-तांब्या, आणि चंद्रभागेत पाण्याशिवाय काही सोडायचं नाही.

पंढरपुरात आमच्यातल्या एका आजींनी स्नान करून जुनं लुगडं सवयीनं नदीत सोडायला हात पुढं केला, सून हळूच म्हणाली, "आत्या, नेम." आजींनी लुगडं पिळलं, घडी घातली आणि ओलंच पिशवीत ठेवलं.