सहा तासांचे २९५ रुपये

आज पहिल्यांदा चकलीचा हिशेब पैशापैशाने मांडला. पाच वर्षं ऑर्डरी घेतेय, पण भाजणी आणि तेलाचा खर्च धरला की उरलेला नफा, असंच समजत आले.

सकाळी सिलेंडर वजनकाट्यावर ठेवला, पाच किलो चकली तळून झाल्यावर पुन्हा ठेवला. बरोबर एक किलो गॅस! म्हणजे साधारण ६० रुपये. सामान ९५०, मार्केट यार्डाची रिक्षा १२०, पिशव्या ७५, मदतीला आलेल्या मावशींचे ३००. एकूण १५०५. सोऱ्यातून पडताना आणि तळताना मोडलेली अर्धा किलो घरात खाल्ली जाते, ती मी कधी धरलीच नव्हती. विकली साडेचार किलो, ४०० च्या भावाने १८००. उरले २९५. माझे सहा तास! तासाला पन्नासही नाहीत. वही पुढ्यात घेऊन बराच वेळ बसून राहिले.

घरगुती पदार्थ विकणाऱ्या मैत्रिणींनो, मावशींची मजुरी आपण न चुकता देतो, तशी स्वतःचीही वहीत लिहा. भाव त्यानंतरच ठरवा. आणि शेजारची काय भावाने देते ते बघून तर मुळीच नको, तिचा खर्च आपल्याला कुठे माहीत असतो?

दुपारी जुन्या गिऱ्हाईक काकूंना फोन केला. "काकू, यंदा ४६० होतील." बोलताना छातीत धडधडत होतं. त्या म्हणाल्या, "बरं, दोन किलो लिहून ठेव. आणि कडबोळी करतेस का गं?"