कपाट भरलेलं आहे, मग मुलं वाचत का नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक हा प्रश्न हटकून विचारतात: पुस्तकं आहेत, अनुदानही येतं, तरी मुलं वाचत का नाहीत?

बहुतेक शाळांत अडचण कुलपापाशी असते. पुस्तकं जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, चढली की हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आपल्याच खिशातून जाईल, अशी शिक्षकांना धास्ती वाटते. म्हणून कपाट बंद. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत वर्षभरात वापरलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरलं आहे, त्यामागे लबाडी किंवा हलगर्जी नसेल तर. हा नियम केंद्राच्या ग्रंथालयांचा, शाळेला थेट लागू नाही. तरी समितीच्या बैठकीत त्याचा दाखला द्या आणि ठराव लिहून घ्या: मुलांकडून दंड घ्यायचा नाही, फाटक्या-हरवलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव दरवर्षी वर पाठवायचा. ठराव इतिवृत्तात आला की मुख्याध्यापकांना कुलूप काढायला धीर येतो.

मग पुस्तकं कपाटाबाहेर काढा. पहिली-दुसरीच्या वर्गात मुलांच्या छातीच्या उंचीवर दोरी बांधा. दर चार-पाच फुटांवर खिळा हवा, नाहीतर दोरी झोळ खाते आणि मधली पुस्तकं घसरून एका जागी गोळा होतात. पिनांची पातळ पुस्तकं मधोमध उघडून मुखपृष्ठ समोर येईल अशी टांगा. लहान मूल चित्र बघून पुस्तक उचलतं. कण्यावरचं बारीक नाव त्याला काहीच सांगत नाही.

खरी मेख वाचनाच्या पातळीत आहे. मराठीत काना-मात्रा येणारं मूल जोडाक्षरापाशी अडखळतं आणि रफार आला की थांबतंच. त्यामुळे 'दुसरीसाठी' असा शिक्का बघून पुस्तक देऊ नका. मधलं कुठलंही पान उघडून मुलाला वाचू द्या, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक आज त्याने वाचायचं नाही, तुम्ही त्याला वाचून दाखवायचं. जोडाक्षरं नसलेली, थोडी असलेली आणि मोकळेपणाने वापरलेली, असे पुस्तकांचे तीन गट करून रंगीत पट्ट्या चिकटवा. रंगाला इयत्तेचं नाव मात्र देऊ नका. पाचवीतल्या मुलाला 'पहिलीचं पुस्तक' हातात धरायची लाज वाटते, आणि नेमकं त्यालाच ते हवं असतं. घरी कोरकू, गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांना आधी गोष्ट तोंडी सांगा, मग पुस्तक द्या. शब्दच अनोळखी असतील तर अक्षरओळख असूनही अर्थ लागत नाही.

देवघेवीची वही तारखेवार ठेवू नका, प्रत्येक मुलाला एक पान द्या. पुस्तकाचा दाखल क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, बस्स. महिन्याने वही चाळली की कोरी पानं लगेच दिसतात. एकच पुस्तक चारदा नेणारं मूल दिसलं तर त्याला अडवू नका, सराव असाच होतो. देवघेवीचा वार ठरलेला हवा. 'तास रिकामा असेल तेव्हा' असं ठरवलं की तो तास कधीच रिकामा नसतो.

समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेच्या निकषांत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. पन्नास रुपयांची पातळ पुस्तकं घेतली तर शंभर येतात. पुरवठादाराच्या तयार यादीवर डोळे मिटून सही केली, की त्याच पैशात जाडजूड बोधकथांचे संच गळ्यात पडतात. मुलांनी दोरीवरून ओढून ओढून फाडलेल्या पुस्तकांची नावं लिहून ठेवा, खरेदीची खरी यादी तीच.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. तो पिवळा पडतो, सुटतो आणि कागद चिकट करून जातो. मैद्याची खळ आणि पातळ कागदाची पट्टी लावा, वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, ओल तिथूनच शिरते.